सशापाशी थांबलेली रांग

आज दुपारी मी आमच्या मुरुडच्या शाळेतली तिसरीची मुलं घेऊन लातूरच्या एका बालविज्ञान केंद्रात गेले होते. आत्ताच घरी आलेय, पण मन तिथंच अडकलंय, म्हणून लिहितेय.

तिथं एका खोलीत प्राणी ठेवलेत. मुलांनी रांगेनं यायचं आणि सशाला हात लावून बघायचं. ससा टेबलाच्या कोपऱ्यात दबकून बसला होता. त्याचं पोट भराभरा वरखाली होत होतं.

माझ्या वर्गातली अर्पिता रांगेतून बाहेर आली. "मॅडम, मी न्हाई हात लावत. त्यो लई भ्यालाय. आमचं शेळीचं पिल्लू मरायच्या आधी असंच करत हुतं."

मी आमची रांग थांबवली. सशाला सांभाळणाऱ्या मावशी हळूच म्हणाल्या, "सकाळपासून तुमची पाचवी शाळा हाय, बाई. त्याला दुपारचं तरी आत पिंजऱ्यात ठिवू द्या म्हणून सायबाला रोज सांगून राहिले. ते म्हणतात, पोरं सशासाठीच येतात."

मी ऑफिसात गेले. साहेब नीट बोलले. तक्रारवहीत लिहा म्हणाले. मी लिहिलं. बाहेर आले तर दुसऱ्या शाळेची रांग सशापाशी पोचली होती आणि मावशी प्रत्येकाला सांगत होत्या, "एका बोटानं, बाळा. हळू."

बसमध्ये अर्पितानं विचारलं, "मॅडम, तुम्ही लिहिलं न्हवं? मग आता त्याला आत ठिवलं असंल?"

मी हो म्हणाले. तुम्ही काय सांगितलं असतं?