डेकचा खरा रंग

अंगठा जिभेला लावायचा, शेड कार्डवर ओढायचा आणि कार्ड घेऊन थेट रस्त्यावर उन्हात जायचं. मागून रिक्षावाले हॉर्न वाजवतायत, पुढून भाजीची गाडी येतेय, आणि आमचे काका एक डोळा मिटून राखाडी रंगाकडे बघतायत. मग काउंटरशी परत येऊन म्हणायचे, "नाय ताई. हा वाळल्यावर खोटं बोलतो."

औरंगपुऱ्यात माझं रंगाचं दुकान आहे. भिंतीच्या रंगावरून भांडणारी नवरा-बायकोची जोडी मी रोज बघते. पण काकांसारखं गिऱ्हाईक आधी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यांना जाऊन वर्ष झालं, नंतरही पाहिलं नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी राखाडी मागितला. मी विचारलं, "आतल्या भिंतीला की बाहेरच्या?"

"डेकला."

मला वाटलं, जुना टेपरेकॉर्डर रंगवायचा असेल. माझा चेहरा बघून ते हसले. "विमानं उतरतात ना जहाजावर, त्या डेकला."

काका मूळचे पिशोरचे. अठराव्या वर्षी नौदलात गेले आणि विमानवाहू जहाजाच्या डेकवर विमानं ढकलायचं, बांधायचं काम त्यांनी पंधरा वर्षं केलं. पहिल्या सुट्टीत गावी येऊन त्यांनी सांगितलं, की आमच्या जहाजावर विमान उतरतं. पारावर हशा पिकला. "पाण्यावर इमान! अन् मंग बैलं कुठं बांधता?" त्यांच्या एका बालमित्रानं त्यांचं नाव 'थापाड्या' ठेवलं. पुढं टीव्ही आला, मोबाइल आला, गावानं असली जहाजं पडद्यावर पाहिली. नाव मात्र बदललं नाही. त्यांची आई चारचौघांत ठणकावून सांगायची, "माझं लेकरू खोटं बोलत नाय." आणि घरात आल्यावर हळूच विचारायची, "पण खरंच का रं?" मरेपर्यंत ती विचारतच राहिली.

काकांचं जहाज भंगारात निघालं, तेव्हा त्यांनी इथल्या, शहरातल्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये प्लायवूडचं चार फुटी जहाज करायला घेतलं. गावच्या शाळेला द्यायचं म्हणून. विमानं झाली, शिड्या झाल्या, केसाएवढ्या तारांचे अँटेना झाले. डेक मात्र वर्षभर कोरा. जुन्या फोटोंचा उपयोग नव्हता, एकात डेक निळसर दिसे, दुसऱ्यात चक्क गुलाबी. काकू वैतागून म्हणायच्या, "लग्नाचा शालू यांनी दहा मिनिटांत घेतला. या डेकला वर्ष!"

काका ऐकत नसत. "रंग खोटा निघाला तर सगळंच खोटं ठरतं, ताई."

मग आमचे प्रयोग सुरू झाले. खरं जहाज लांबून दिसतं, मध्ये हवा असते, म्हणून तोच रंग छोट्या जहाजावर काळपट वाटतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून थेंबभर पांढरा टाकायचा. डेक गुळगुळीत नसतो, माणूस घसरेल, म्हणून रंगात टाल्कम पावडर. आठवडाभर दुकानाला बाळंतिणीच्या खोलीचा वास येत होता. एकदा तर त्यांनी गल्लीतून चाललेल्या म्हशीच्या पाठीलाच कार्ड लावलं. म्हशीचा मालक थबकला. "क्या चाचा, भैंस रंगाना है क्या?"

"नाय रे बाबा. हिच्यासारखा रंगवायचाय."

नमुन्याच्या रंगाच्या बावीस बाटल्या नापास झाल्यावर काकांनी साक्षीदार बोलावला. त्याच जहाजावर, त्याच वर्षांत काम केलेला त्यांचा सोबती, नगरला राहणारा. ते गृहस्थ बॅगेसकट सरळ दुकानात आले, काकांच्या सगळ्यात लाडक्या बाटलीत डोकावले आणि म्हणाले, "हिरवट होता."

"काय हिरवट होता?"

"डेक."

"तुझा मोतीबिंदू हिरवट आहे!"

पाऊण तास भांडण चाललं. चुना घ्यायला आलेला माणूस चुना विसरून स्टूल ओढून बसला. शेवटी मी चहा मागवला आणि सहज विचारलं, "तुम्ही दोघं डेकवर एकाच जागी असायचात का?"

"छे. हा पुढं, मी मागं," सोबती म्हणाले. "पुढचं खरवडून हे लोक रंगवायचे, मागचं आम्ही. ज्या वेळी जो डबा हाती आला, तो..."

काकांचा कप हवेत राहिला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि काका असे हसले की चहा नाकातून बाहेर आला.

"आरं, म्हणजे एक रंग नव्हताच कधी! ठिगळं होती सगळी!"

दोन दिवसांत दोघांनी शेडमध्ये बसून बावीसच्या बावीस बाटल्या वापरल्या. इथं निळसर, तिथं हिरवट, मध्ये टायरचे काळे ओरखडे. काकू दारातून बघून म्हणाल्या, "अगं बाई, हे तर वापरलेलं वाटतंय." काका डोळे पुसायला शेडच्या मागं गेले.

पिशोरला मीही गेले. एसटीच्या टपावर जहाज ठेवायला काकांनी साफ नकार दिला, म्हणून शेवटच्या बाकावरच्या चार बायकांच्या मांडीवर आमचं विमानवाहू जहाज कन्नड ओलांडून गेलं.

शाळेच्या पटांगणात गाव जमलं. नाव ठेवणारा तो बालमित्रही काठी टेकत आला होता. त्यानं वाकून डेकवरून बोट फिरवलं, बराच वेळ निरखलं, मग विचारलं, "एवढुशा जागंत इमान थांबतं कसं?"

"दोरी आणा," काका म्हणाले. "डेकवर अशीच आडवी तार असते, तिच्यात इमान अडकतं."

दोन गड्यांनी बैलगाडीचा सोल, तो जाड दोर, आडवा ताणून धरला. सोबती पलीकडं दोन पाट्या हातात घेऊन खुणा करायला उभे राहिले. काकांनी चपला काढल्या, हात पंखांसारखे पसरले आणि सत्तरीतला तो माणूस तोंडानं घर्रर्र आवाज करत भर उन्हात धावत सुटला. काकू ओरडतायत, "अहो, गुडघे!" पोरं किंचाळतायत. सोल पोटाला लागला, गडी दोन पावलं ओढले गेले, आणि काका जागच्या जागी थांबले, हात तसेच पसरलेले, धापा टाकत, हसत.

म्हाताऱ्यानं काठी टाकून टाळ्या पिटल्या. "उतरलं की रं! आईशपथ, उतरलं!"