बेडकाच्या पायाचा कोंब

आमच्या घरात जखमेवर तंबाखू दाबायची पद्धत. माझी आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत पाला निवडायला जायची. बोट कापलं की चिमूटभर भुकटी दाबायची आणि पुन्हा कामाला लागायची. लहानपणी मीही तिच्या शेजारी बसले आहे. आता मी शाळेच्या ऑफिसात कॉम्प्युटरपुढे बसते, तरी भुकटीची डबी काही वर्षांपूर्वीपर्यंत मिठाच्या बरणीशेजारी होती. कधीच फेकून द्यायला हवी होती.

बेडूक माझ्या मुलीचा. ती तेव्हा सातवीत होती. मागच्या टाकीत बेडकाची शेपटीवाली पिल्लं झाली होती, त्यातलं एक तिनं माशांच्या जुन्या काचेच्या पेटीत आणून ठेवलं. त्याला पाय फुटले, शेपूट आखडत आली, आणि नेमकं तेव्हा पेटी धुताना मी आतला दगड सरकवला. त्याचा मागचा पंजा दगडाखाली सापडला. दोन बोटं गेली.

"त्येनंच पाय मधी घातला," मी म्हटलं. चूक कबूल करायला मला नेहमीच वेळ लागतो.

मुलीनं त्याला काहीही लावलं नाही. फक्त रोज पाणी बदललं. जखम आपसूक मिटली. पुढे महिन्याभरात तुटल्या जागी एक पांढुरका फुगवटा आला. आधी जोंधळ्याच्या दाण्याएवढा, मग जरा लांब, टोकदार. मुलगी रोज वहीत त्याचं चित्र काढायची.

"आई, बोट यायलंय त्येला."

"तुटल्यालं बोट कुठं येतंय गं?" मी हसले.

हसले खरी, पण आतून घाबरले होते. माझ्या आईच्या गालात आत अशीच गाठ आली होती. ती दिवसभर तिथंच तंबाखू धरायची. "दुखत न्हाय, ऱ्हाऊ दे," म्हणायची, आणि आम्ही राहू दिली. शेवटी बेळगावला नेलं तेव्हा डॉक्टरांनी आम्हालाच विचारलं, इतके दिवस काय करत होता? तेव्हापासून घरात कुणाच्या अंगावर साधा फोड दिसला तरी मी हात धुऊन त्याच्या मागे लागते.

एका सकाळी त्या कोंबाचं टोक मला लालसर दिसलं. मुलगी शाळेत गेली होती. मी बेडकाला ओल्या फडक्यात धरलं, आणि चामखीळ जाळायला लावतात तसा तंबाखूत चुना मळून त्या गाठीवर दाबला. जिनं आईचा गाल खाल्ला, त्याच तंबाखूकडे माझा हात गेला, आणि तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट या वेळी तरी वेळेवर काही केलं, असं समाधान वाटलं.

मुलगी चारला घरी आली तेव्हा बेडूक पाय ताणून पडला होता.

"काय लावलंस?"

"औषध."

तिनं त्याला उचलून नाकाजवळ नेलं. मग नळाखाली धरून बराच वेळ धूत राहिली, पण तो पुन्हा हलला नाही. ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या म्हशीला बघायला चिकोडीचे जनावरांचे डॉक्टर आले होते. मी त्यांना हसत हसतच सगळं सांगितलं. ते हसले नाहीत.

"आक्का, बेडूक कातडीनं पाणी पितोय. तुम्ही त्येला तंबाखू पाजली की."

मुलीनं वही पुढे केली. त्यांनी एकेक पान उलटलं.

"रोग न्हवता ह्यो. भरून येत हुतं," ते तिला म्हणाले. "पुरतं बोट झालं असतं का, न्हाय सांगता येत. पिल्लांत कवाकवा नुसता कोंबच येतोय. पर त्येला तरास न्हवता त्येचा."

तिनं वही मिटली आणि आत गेली. मी डबी त्याच दिवशी फेकली. "चुकलं माझं" एवढं मात्र म्हणायचं राहून गेलं. आज म्हणू, उद्या म्हणू करत वर्षं गेली.

आता ती बेळगावला कॉलेजात आहे. गेल्या महिन्यात सुट्टीला आली, तेव्हा उकाड्यातही पूर्ण बाह्यांचा ड्रेस. भांडी घासताना बाही वर सरकली आणि कोपराखाली टाक्यांची लांब खूण दिसली. पंधरा दिवसांपूर्वी स्कूटरवरून पडली होती.

"मला सांगितलं का न्हाईस?"

"बरं झाल्यावर सांगणार होते."

मी खूण बघायला हात पुढे केला. तिनं ओल्या हातानंच बाही खाली ओढली, आणि राहिलेली भांडी घासायला घेतली.