रडत्या हातची भाकरी

बाहत्तरचा दुष्काळ सरल्यावर माझं लग्न झालं आणि मी सोलापुरात, शुक्रवार पेठेत आले. घरातली चूल थोरल्या जाऊबाईंकडे होती. सासूबाईंचे अन्नाबद्दलचे विचार कडक. बाजरी उष्ण, ताक थंड, शिळं खाल्लं की आळस चढतो. आणि रांधणारीच्या मनात जे असतं ते खाणाऱ्याच्या अंगात उतरतं. भाकऱ्या चालू असताना घरात कुणी आवाज चढवायचा नाही.

पुढच्या उन्हाळ्यात जाऊबाईंचा लहानगा जुलाब-उलट्यांनी गेला. सुतक फिटल्यावर त्या चुलीपुढे बसल्या. हात परातीत आणि डोळ्यांतून धारा.

"ऊठ तू," सासूबाई म्हणाल्या. "धाकटी पोटुशी हाय. रडत केलेलं तिच्या पोटात जायला नगं."

"मला चालतंय की, आत्या," मी म्हणाले.

"तुला काय कळतंय?"

तेव्हापासून रांधायचं माझ्याकडे आलं. धुणं-भांडी उरकली की जाऊबाई परसात नुसत्या बसून राहायच्या.

एकदा सासूबाई लग्नाला अक्कलकोटला गेल्या. मला उठवत नव्हतं. जाऊबाईंनी न विचारता चूल पेटवली, भाकरी-पिठलं केलं, ताट माझ्यापुढे ठेवलं.

"खा. आज रडले न्हाई मी."

मी पोटभर जेवले. त्या समोर बसून बघत होत्या.

सातव्या महिन्यात माझं मूल पोटातच गेलं. "अंगात रक्तच नाही, बाळ कसं तगणार?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सासूबाई उशाशी बसल्या होत्या. जाऊबाई खाटेशी येऊन त्यांना म्हणाल्या, "आत्या, तुमी गावाला गेलता तवा मी रांधलं हुतं. हिनं खाल्लं."

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला.

"तसलं काय न्हाई, अक्का. डॉक्टरीण काय म्हणली ते ऐकलं न्हाई का?" मी पडल्या पडल्या म्हणाले. जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

काही दिवसांनी त्यांचा भाऊ येऊन त्यांना माहेरी, करमाळ्याला घेऊन गेला. सासूबाईंनी अडवलं नाही. थोरले दीर गिरणीतून आले तेव्हा जाऊबाईंची ट्रंक जागेवर नव्हती. आणायला ते कधी गेले नाहीत.

मी जाऊन येत असे. एकदा गेले तर त्यांची भावजय तापानं फणफणलेली, चूल थंड, भाचरं भुकेनं रडत होती. मी पीठ मळायला घेतलं. जाऊबाई दारात, चुलीकडे पाठ करून उभ्या.

"तुमी थापा की दोन," मी म्हणाले.

"नगं," त्या म्हणाल्या. "लेकरं हायत घरात."