हिरव्या पट्टीवरचा चिमटा

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी झोपू नये, असं सगळेच सांगतात, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी जशी झोप येते तशी एरवी कधी येत नाही. रेश्मा मगदूम कॉटवर पालथी पडून विद्युत नियमांचं पुस्तक वाचते आहे. वाचते आहे म्हणजे एकच ओळ चौथ्यांदा वाचते आहे. जेवताना भात जरा जास्तच झाला. आई शिवलेले ब्लाउज पोचवायला गेली आहे, खाली गल्लीत पिठाच्या गिरणीचा पट्टा फटफट वाजतो आहे आणि डोक्यावरचा पंखा म्हाताऱ्या माणसासारखा मध्येच खोकतो आहे.

उद्या अकरा वाजता तोंडी परीक्षा. पर्यवेक्षकाचा परवाना. तो मिळाला की रेश्मा कुणाच्या हाताखालची राहणार नाही. तिच्या शब्दावर माणसं खांबावर चढतील आणि तिच्याच शब्दावर उतरतील. लेखी परीक्षेत ती पहिल्या फटक्यात सुटली. तोंडीत मात्र मार्च महिन्यात गाडं अडलं, आणि अडलं ते कुठं, तर ज्याचं उत्तर शेंबडं पोरही देईल अशा प्रश्नावर. लाइन बंद केल्यावर तारेला हात लावायच्या आधी काय काय कराल, असं साहेबांनी विचारलं. रेश्मानं घडाघडा सांगायला सुरुवात केली. स्विच बंद करायचा, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचे, पाटी लावायची, तार मेली आहे का ते तपासायचं, मग. त्या ‘मग’पाशी तिची दातखीळ बसली. साहेब बिचारे वाट बघत राहिले, शेवटी पाणी प्या म्हणाले. ते पाणीही तिच्याकडून टेबलावर सांडलं.

पंखा मंदावतो. वीज गेली. गिरणीचा पट्टा दोन-चारदा फटफटून गप्प होतो आणि गल्लीत एवढी शांतता पसरते की पुस्तकाच्या पानाचा वाससुद्धा ऐकू येईल. पंख्याची पाती आता मोजता येतात. एक, दोन, तीन. रेश्मा कपाळ पुस्तकावर टेकते, नुसतं एक मिनिट.

“मग काय?” कुणीतरी विचारतं.

ती मान वर करत नाही. आवाज कॉटच्या पायथ्याकडून आला आहे आणि ओळखीचा आहे. उत्तर द्यायला ती तोंड उघडते तर तोंडात गुळाची चव येते, गेले दहा महिने येते तीच.

पायथ्याशी दौलूमामा बसले आहेत. खाकी पँट, वर चौकटीचा शर्ट, अनवाणी. हे काही रेश्माच्या नात्यातले नव्हेत. ठेकेदाराच्या टोळीतले सगळ्यात जुने वायरमन, म्हणून सगळ्यांचेच मामा. आयटीआय करून आलेली ही पोरगी खांबावर काय चढणार, म्हणून बाकीचे फिदीफिदी हसत होते, तेव्हा मामांनी स्वतःचा पट्टा सोडून तिच्या कमरेला बांधला होता. तिला ते चेष्टेनं साहेब म्हणायचे आणि त्या चेष्टेतच त्यांनी तिला सगळं काम शिकवलं. त्यांना जाऊन येत्या दिवाळीला वर्ष होईल. हे रेश्माला पक्कं ठाऊक आहे, तरी ती पाय आखडून त्यांना जागा करून देते. कॉट त्यांच्या वजनानं जराही दबत नाही.

“अभ्यास झाला काय साहेब?”

“होत आलाय मामा.”

“बघू.”

ते उजव्या हातानं पुस्तक ओढून घेतात. डावा हात खिशात आहे. पॅनल उघडताना डावा हात खिशात, हा त्यांचाच नियम. एका हाताला झटका बसला तर माणूस शिव्या देतो, दोन हातांतून गेला तर शिव्या द्यायला उरत नाही, असं ते म्हणायचे. पण इथं कसलं आलंय पॅनल, असं रेश्माच्या मनात येतं.

मामा पान उलटतात आणि कॉट गुऱ्हाळाच्या अंगणात आहे.

मामांचा जिथं अपघात झाला, तेच गुऱ्हाळ. चिपाडाचे ढीग, खांब, खांबावरून खाली जमिनीत गेलेली लोखंडी पट्टी. पण माणूस एकही नाही, चुलवण थंड आहे आणि मोठ्या काहिलीत उसाच्या रसाऐवजी हिरवा रंग काठोकाठ भरला आहे. त्यावर दुधावर धरावी तशी साय धरली आहे. काहिलीपलीकडे परीक्षेचं टेबल मांडलं आहे, मार्चमधलंच, कारण सांडलेलं पाणी अजून त्याच्या कडेवरून ठिबकतं आहे. तिन्ही खुर्च्या रिकाम्या आहेत. तरी कुणीतरी घसा खाकरतं आणि लाइन बंद केल्यावर काय काय कराल, असं विचारतं.

रेश्मा सांगू लागते. स्विच बंद करायचा. फ्यूज काढून खिशात ठेवायचे. पाटी लावायची. तार तपासायची. मग. आणि ‘मग’ म्हटल्याबरोबर तिच्या हातात चिमटा येतो.

हा चिमटा म्हणजे या धंद्यातला शेवटचा राखणदार. तारेला एक वायर अडकवायची आणि तिचं दुसरं टोक या चिमट्यानं जमिनीत गेलेल्या लोखंडी पट्टीला घट्ट धरायचं. मग कुठून चुकूनमाकून वीज आलीच, तर ती माणसाला सोडून जमिनीत जाते. यालाच अर्थिंग म्हणतात. फक्त चिमटा लावायच्या आधी पट्टी कानशीनं घासून आतलं लोखंड उघडं करावं लागतं, कारण रंगातून वीज जात नाही. रंगावर लावलेला चिमटा आणि खुंटीला अडकवलेली पिशवी, दोन्ही सारखंच, हेही मामांचंच म्हणणं. कानस त्यांच्या खिशात कायम असायची. त्या दिवशी त्यांनी ती रेश्माच्या हातात दिली होती.

आणि त्या दिवशी पट्टी नुकतीच रंगवलेली होती. दोन दिवसांनी तपासणीला साहेब येणार, म्हणून गुऱ्हाळाच्या मालकानं अंगण झाडून, पट्टीला हिरवा रंग देऊन सगळं नवरीसारखं सजवलं होतं. रेश्मानं कानस टेकवली तसा तो कळवळला. बाई, ओरखडा पाडू नका, परवा साहेब बघणार आहेत, म्हणाला. चार माणसं उभी होती. रेश्माला उगीच लाज वाटली. तिनं कानस खिशात टाकली आणि चिमटा तसाच रंगावर लावला. दोन मिनिटांचं तर काम होतं.

आता अंगणात मालक नाही, पण ‘ओरखडा पाडू नका’ हे शब्द काहिलीतून बुडबुड्यासारखे वर येतात. शेजारी बसलेले मामा शेजारी नाहीत. ते खांबावर आहेत. कधी चढले ते तिला दिसलं नाही.

“लावला काय गं?” ते वरून विचारतात. हेच शब्द होते, याच सुरातले.

“लावला,” रेश्मा म्हणते. तिला तसं म्हणायचं नव्हतं. जिभेनं आपलं आपणच म्हटलं.

शेडमध्ये छोटं जनरेटर खोकतं, दिव्यांपुरतं असतं तसलं. कुणीतरी विचार न करता सुरू केलेलं. ते धडधडू लागतं, त्याची वीज उलटी खांबावरच्या तारेत चढते आणि अंगण विझून जातं.

अंगण पुन्हा उजळतं. चिमटा तिच्या हातात आहे, मामा वर आहेत.

“लावला काय गं?”

“लावला.”

जनरेटर खोकतं. अंधार. पुन्हा उजेड. काहिलीवरची साय जराशी फाटली आहे आणि खालून हिरवं काहीतरी हलतं आहे. टेबलावर आता एक कागद आहे, ठिबकत्या पाण्यानं भिजलेला, पण अक्षरं शाबूत. रेश्माचा जबाब. खाली तिची सही. अर्थिंग लावलं नव्हतं. मामा म्हणाले, पाच मिनिटांचं काम आहे, काही नको. ठेकेदारानं सांगितलं तसं तिनं लिहून दिलं होतं. गेलेला माणूस तर गेला, तू आयुष्य का नासवतेस, असं तो म्हणाला होता, आणि घाबरलेल्या माणसाला असलं बोलणं फार शहाणपणाचं वाटतं. मामांच्या तेराव्याला इंदूमामींनी तिला बाजूला घेऊन विचारलं, तू तिथं हुतीस, त्यांनी खरंच लावू दिलं न्हाई? रेश्मानं नुसती ‘हो’ म्हणून मान हलवली. मग गावात बोलवा झाली की म्हातारा पिऊन चढला होता. मामांनी जन्मात सुपारीसुद्धा खाल्ली नव्हती.

“लावला काय गं?”

रेश्माच्या तोंडातला गूळ घट्ट झाला आहे, दात उघडत नाहीत. ती दोन्ही हातांनी स्वतःचा जबडा धरते. शेडमध्ये कुणाचा तरी हात जनरेटरच्या दोरीकडे जातो आहे, तो हात तिला भिंतीतून दिसतो.

“लावला,” ती म्हणते, “पण रंगावर लावला. मी खरवडलं नाही मामा.”

हात थांबतो. जनरेटर खोकत नाही. ठिबकणारं पाणीही थांबतं.

मामा पुन्हा तिच्या शेजारी बसले आहेत.

“मला ठाव हाय,” ते म्हणतात.

“कसं?”

“वरनं दिसत हुतं की. हिरव्यावर चिमटा.”

रेश्माला रडू येतं, पण स्वप्नात डोळ्यांतून पाणी निघत नाही, नुसते डोळे दुखतात. मग हात का लावलात, असं ती विचारते.

चार माणसं हुबी हुती, मामा म्हणतात. मालक हुता. पोरीला माणसांत बोलू कसं, खाली उतरून गुमान सांगावं म्हटलं. मग म्हटलं, दोन मिनटांचं तर काम हाय. तीस वर्सं दुसऱ्यास्नी सांगितलं, आन् त्या दिवशी मीच चुकलो.

“तुला बोलाय नगं म्हणून मी माणसांत गप बसलो,” ते म्हणतात. “तू माझ्यापायी माणसांत बोल.”

बोललं तर परवाना जाईल, रेश्मा सांगते. मिळायच्या आधीच जाईल. उद्या ज्या कार्यालयात परीक्षा आहे, त्याच कार्यालयात तो जबाब फायलीत आहे. कदाचित नुसता परवानाच नाही, आणखीही काही जाईल. मामा ऐकून घेतात, चुकलेलं गणित ऐकून घ्यावं तसं. मग डावा हात खिशातून काढतात. रेश्मा त्या भाजलेल्या हाताकडे बघत नाही, बघवत नाही. ती त्यातल्या कानशीकडे बघते. कानस पार गुळगुळीत झाली आहे, नदीतल्या गोट्यासारखी, एकही दात शिल्लक नाही.

“वरीस होत आलं, खरवडतोय,” मामा म्हणतात. “माझ्यानं न्हाई निघत. ज्यानं चिमटा लावला त्यानंच काढाय पायजे.”

पट्टी तिच्यासमोर आहे. कॉटच्या पायाला, टेबलाच्या पायाला, खांबाला, सगळीकडे तीच हिरवी पट्टी खाली उतरलेली आहे. रेश्मा नखांनी खरवडू लागते. रंग ओला नाही, चिवट आहे, नखाखाली टोचतो. ती खरवडत राहते. मागे मामा हळू आवाजात म्हणतात, आणखी, आणखी जरा, आणि त्यांचा आवाज एकेका शब्दाला लांब जातो. शेवटी हिरव्यातून लोखंडाचा एक पांढरा ठिपका दिसतो, नखाएवढा.

“आता लाव,” खूप लांबून कुणीतरी म्हणतं.

फट. फट. फटफटफट. गिरणीचा पट्टा फिरू लागला. वीज आली.

पंखा डोक्यावर गरगरतो आहे. रेश्मा कॉटवर आहे, चारी भिंती आपापल्या जागी आहेत, ऊन जेमतेम एक फरशी पुढे सरकलं आहे. पुस्तक उशाला नाही, पायथ्याशी पडलं आहे. पंख्याच्या वाऱ्यानं पानं फडफडतात. स्वप्न होतं, ती स्वतःला सांगते. भात जास्त झाला. पुस्तक घ्यायला ती हात पुढे करते आणि तिथंच थांबते.

उजव्या हाताच्या नखांखाली हिरवा रंग आहे. सुकलेला, पापुद्र्यांचा. मधल्या बोटाचं नख कडेला फाटून जरासं रक्त आलं आहे. ती कॉट बघते, कॉट काळी. दार बघते, खिडकी बघते, भिंती बघते. या घरात हिरव्या रंगाची वस्तू म्हणाल तर आईच्या डब्यातला दोऱ्याचा एक रीळ, बस.

जिन्यावर आईची पावलं वाजतात. ती येते, पिशवी टेकवते आणि हाताकडे बघून विचारते, आता गं बया, कसला रंग लावून घेतलास, रॉकेल देऊ का पुसायला? रेश्मा नको म्हणते. तिला भीती वाटते आहे. उद्याची वाटते आहे, इंदूमामींच्या डोळ्यांची तर फारच वाटते आहे, पण दहा महिन्यांत पहिल्यांदा तिच्या तोंडात गुळाची चव नाही.

“आई, एक कोरा कागद दे. रेघांचा असला तरी चालेल.”

आई वहीचं पान फाडून देते. रेश्मा पुस्तक मांडीवर घेते, त्यावर कागद ठेवते आणि लिहिते, ‘गुऱ्हाळावरच्या अपघाताबद्दल मी आधी दिलेला जबाब खोटा आहे. अर्थिंगचा चिमटा मी रंगावर लावला होता. दौलू खोत यांनी मला खरवडायला कानस दिली होती.’

लिहिताना नखाखालचा हिरवा भुगा कागदावर पडतो. ती तो फुंकत नाही.