कापसाच्या रानातली पायपेटी

गुरुलिंगप्पा पेटीवाले मोठे गवई नव्हते आणि मोठे शेतकरीही नव्हते. दोन्हीतलं थोडं थोडं त्यांच्याकडं होतं आणि त्यात ते खूश होते. नळदुर्गपासून तीन कोसांवर, बोरी नदीच्या काठी त्यांचं गाव. १९४३ साली मी तिथं मास्तर म्हणून गेलो. निजामाचा अंमल होता. गावच्या शाळेला मदरसा म्हणत आणि हजेरी उर्दूत लिहावी लागे. राहायला मला गुरुलिंगप्पांच्या घराची पडवी मिळाली. तिथं मी चार वर्षं काढली.

तरुणपणी ते सोलापूरला एका नाटक कंपनीत पेट्या दुरुस्त करत. कंपनी मोडली तेव्हा मालकांनी प्रत्येकाला आवडीची एक वस्तू न्यायला सांगितली. कुणी शालू नेला, कुणी मुकुट नेला. गुरुलिंगप्पांनी पायानं भाता मारायची मोठी पायपेटी मागून घेतली. ती गाडीत घालून निजामाच्या हद्दीत येताना करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपायानं अडवलं, एवढ्या मोठ्या खोक्यात काय आहे म्हणून. गुरुलिंगप्पांनी गाडीतच बसून एक पद वाजवलं. शिपाई म्हणाला, "और एक." तीन पदं झाल्यावर गाडी सुटली.

तेव्हापासून ती पायपेटी त्यांच्या सोप्यात पूर्वेच्या भिंतीशी होती. सोमवारी गावातलं भजन तिच्यावर होई. दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. भजनाला येणाऱ्यांपैकी कुणी पट्टीवर बोट ठेवलं तर ते रागवत नसत, फक्त त्या बोटाकडं इतका वेळ बघत राहत की माणूस आपण होऊन बोट काढून घेई.

त्यांच्या बायकोचं नाव शरणम्मा. माहेर आळंदकडचं, त्यामुळं बोलताना मधूनच कानडी; आईलाही त्या अव्वा म्हणत. शरणम्मांसारखी कापूस वेचणारी बाई पंचक्रोशीत नव्हती, असं गावातल्या बायकाच सांगत. दोन्ही हात एकदम चालत. बोंडातला कापूस त्या अशा अलगद काढत की पाठीमागं नुसती रिकामी टरफलं झाडावर राहत, आणि ओटीतल्या कापसात पाल्याचा एक कण सापडत नसे.

मी गावात येण्याच्या आदल्या साली त्यांना मोठा ताप आला. ताप उतरला, पण दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे धरले ते धरलेच. मूठ वळायची, चिमूट जुळायची नाही. भाकरी त्या थापू शकत, कारण ती तळव्यानं थापतात. पण पिठात मीठ टाकायचं तर वाटी उपडी करावी लागे. डोक्यावर घागर आणत, पण पदर खोचायला त्यांना वेळ लागे. मी समोर असलो की त्या पाठ फिरवून खोचत.

त्या गावाची एक रीत होती. ज्याचं रान, त्याच्या घरच्या बाईनं पहिली ओटी भरायची. रानाच्या कोपऱ्यात पाच खडे मांडायचे, दही-भात ठेवायचा, घरधनिणीनं आपल्या हातानं पहिला कापूस काढून ओटीत घ्यायचा. मगच बाकीच्या बायकांनी आपापल्या ओळीची पात धरायची. ताप आला त्या साली शरणम्मा अंथरुणावर होत्या म्हणून नणंदेनं येऊन ओटी भरली होती. ती पुढं वारली.

मार्गशीर्ष लागला. गुरुलिंगप्पांचं चार एकरांचं रान पांढरं झालं. एका सकाळी मी पडवीत धोतर वाळत घालत होतो, तेव्हा आतून शरणम्मांचा आवाज आला.

"शिवशरणला निरोप धाडलाय म्या. पंधरा दिसांत गाडी घिऊन येतोय. मी जाते त्याच्यासंगं."

"सणाला?" गुरुलिंगप्पांनी विचारलं.

"कायमची. तुमी दुसरी आणा. हातानं धड असलेली. औंदाची ओटी तिच्या हातानं व्हऊ द्या."

"अन् तू?"

"भावाच्या दारात बसून भाकरी खाईन."

"भाकरी हितंबी हाय की."

"हितं म्या कमवून खाल्लीय. फुकटची हितं गिळत न्हाय मला."

गुरुलिंगप्पा बाहेर आले आणि बैलांपुढं वैरण टाकायला लागले. वैरण आधीच टाकलेली होती. बोलून समजूत घालणं त्यांना कधी साधलं नाही. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं आणि त्या काळी दुसरी बायको करणं हे काही जगावेगळं नव्हतं. गावानं यापूर्वीही सुचवलं होतं. गुरुलिंगप्पांनी सुचवणाऱ्याच्या पेटीचा भाता मोफत शिवून देऊन विषय मिटवला होता.

त्या दिवसापासून ते मागच्या अंगणात काहीतरी खटपट करू लागले. मला म्हणाले, "मास्तर, तिची चिमूट गेली, मूठ न्हाय गेली. मुठीत नळी धरता येती. नळीनं कापूस वढून घेतला तर?"

घासलेटच्या डब्याचा पत्रा वळवून त्यांनी वीतभर नळी केली. जुन्या मोटेची कातड्याची सोंड मोच्याकडून अरुंद शिवून आणली आणि नळीच्या मागं जोडली. सोंडेच्या दुसऱ्या टोकाला एक लाकडी खोकं, खोक्याच्या आत मलमलीचा पडदा, आणि पडद्यापलीकडं हातपेटीचा भाता. भात्यानं वारा ओढायचा, वाऱ्याबरोबर कापूस खोक्यात यायचा, पडद्याशी अडायचा. बेत उत्तम होता.

चार दिवसांनी अंगणात वाळत घातलेल्या कापसावर त्याची परीक्षा झाली. शेजारच्या मथुराबाई भिंतीवरून बघत होत्या. साठीच्या, तोंडानं फटकळ, पण शरणम्मांवर जीव टाकणाऱ्या. गुरुलिंगप्पांनी नळी कापसाजवळ धरून भाता मारला, आणि सगळा कापूस उडून अंगणभर झाला. अर्धा मथुराबाईंच्या अंगणात पडला.

"गुरुलिंगप्पा," त्या म्हणाल्या, "येचायचं यंत्र हाय का पेरायचं?"

चूक साधी होती. हातपेटी वारा बाहेर ढकलते. आयुष्यभर त्यांनी तसेच भाते शिवले होते. चामड्याची झडप त्यांच्या हातानं सवयीनं त्याच तोंडाला बसवली होती. हसून त्यांनी ती उलटी केली. आता भाता ओढू लागला खरा, पण दम नव्हता. कापूस नळीच्या तोंडाशी येई आणि तिथंच लोंबत राही. झडप बदलली, शिवण बदलली, पडदा पातळ केला. काही उपयोग झाला नाही.

"मोठा भाता पायजे," ते म्हणाले. मग त्यांची नजर सोप्याकडं वळली. त्यांच्या मनात काय आलं ते मला उमगलं. पायपेटीचा भाता हातपेटीच्या उलट असतो. तो मुळातच वारा आत ओढतो, त्या ओढीनं सूर बोलतात. आणि तो चांगला पोटभर मोठा असतो.

आठ दिवस त्यांनी त्या पेटीकडं पाहिलंही नाही. रानात कापूस लोंबायला लागला होता. वाऱ्यानं गळून काट्याकुट्याला चिकटत होता. येणारेजाणारे विचारत, "बायका कधी बोलावता? माल मातीत चाललाय." ते म्हणत, "घरधनीण ओटी भरंल तवा." लोक पुढं चालू लागत. शरणम्मा घरात कपड्यांचं गाठोडं बांधत होत्या. गाठ त्यांना मारता येत नव्हती, म्हणून गाठोडं तसंच सुटं पडलं होतं.

शुक्रवारी मदरशाला सुट्टी असे. शरणम्मा नदीला गेल्या होत्या. गुरुलिंगप्पांनी मला हाक मारली, पायपेटीची एक बाजू धरायला लावली, आणि पाठीमागची फळी खोलली. पितळी सूर, म्हणजे वाऱ्यानं बोलणाऱ्या जिभल्या, त्यांनी एकेक करून काढले, पुसले, धोतराच्या फडक्यात क्रमानं गुंडाळून कोनाड्यात ठेवले. मग भाता सोडवला. त्यांचे हात अगदी शांत होते. मला मात्र तिथं उभं राहवेना.

शरणम्मा परतल्या तेव्हा सोप्यात नुसता सांगाडा होता. घागर डोक्यावरच राहिली.

"पेटी फोडलीत?"

"खोललीय. फोडली न्हाय."

"डोकं ठिकाणावर हाय का तुमचं? सोलापुरास्नं जिवासारखी आणली अन्... कुणाला इचारलंत?"

"कुणाला इचारायचं? माझीच व्हती."

रात्रीचं जेवण होईपर्यंत त्या ओरडत होत्या. महिन्याभरात त्यांचा आवाज इतका मोठा मी ऐकला नव्हता. गुरुलिंगप्पा आमटीत भाकरी कुस्करत शांतपणे ऐकत होते, आणि मला वाटतं, त्यांना बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दव असतानाच आम्ही रानात गेलो. दवानं पाला ओला आणि मऊ असतो, चुरा होऊन कापसात मिसळत नाही. म्हणून वेचणी नेहमी सकाळीच. गुरुलिंगप्पांनी भाता आणि खोकं एका फळीवर बसवलं होतं. कापसाच्या दोन ओळींमध्ये फळी ठेवली, पुढं बुटकी माची टाकली, आणि माचीवर बसून ते पायानं भाता मारू लागले. पाठ ताठ, नजर समोर, जसे सोमवारी भजनाला बसत तसेच. मथुराबाई आणि चारदोन बायका बांधावर जमल्या होत्या.

"नांदी झाली का?" मथुराबाईंनी विचारलं. "राजा कवा यायचा?"

पाच खडे मांडले, दही-भात ठेवला. शरणम्मा आल्या होत्या, पण हात पदराखाली होते.

"धर," गुरुलिंगप्पा म्हणाले.

"न्हाय धरत. लोक हसत्यात."

"माझ्यावर हसत्यात. तू धर."

त्यांनी मुठीत नळी धरली आणि पहिल्या फुललेल्या बोंडाजवळ नेली. कापूस थरथरला, ताणला गेला, आणि सोंडेतून सर्रकन निघून गेला. झाडावर रिकामं टरफल राहिलं.

शरणम्मांनी टरफलाकडं पाहिलं. दुसरं बोंड, तिसरं. चौथं अर्धवट उमललेलं होतं; त्यातला कापूस हललाही नाही.

"कच्चं घेत न्हाय हे," त्या म्हणाल्या. "शहाणं हाय."

पाचव्या बोंडाबरोबर पाल्याचा एक वाळका तुकडा आत गेला. त्या ताबडतोब वळल्या. "हळू मारा की! काय मिरवणूक चाललीय का? पाला वढतंय. मी नळी टेकवली की जोर लावा, उचलली की थांबा."

"बरं."

"बरं न्हाय. ध्यान ठिवा."

सोंड पोचेल तितकी झाडं झाली की गुरुलिंगप्पा उठून माची आणि फळी पुढं सरकवत. दहा झाडांना एक मुक्काम. ओटीभर कापूस गोळा झाला तेव्हा खोक्याचं झाकण काढून त्यांनी तो शरणम्मांच्या पदरात ओतला. पांढरा स्वच्छ, त्यात पाल्याचा तो एकच तुकडा होता. बांधावर एक बाई हळूच म्हणाली, "पर ही हाताची ओटी म्हणायची का? यंत्रानं येचलंय."

शरणम्मांचा चेहरा पडला. सगळ्या मथुराबाईंकडं बघू लागल्या. त्यांच्याइतकी वडीलधारी तिथं दुसरी नव्हती.

मथुराबाईंनी बांधावरून उतरून कापूस चिमटीत धरून पाहिला. "नळी कुणाच्या मुठीत व्हती?" त्यांनी विचारलं. "हिच्या. कच्चं कुणी टाळलं? हिनं. नवऱ्याला कुणी झापलं? तेबी हिनंच. मग आनिक काय ऱ्हायलं? धरा गं पात, ऊन चढाया लागलं."

बायका हसत रानात शिरल्या. खरं सांगायचं तर त्या दिवशी दोघांनी मिळून जेवढा कापूस काढला, त्याच्या तिप्पट एकट्या मथुराबाईंनी वेचला. पुढंही ते यंत्र कधी फार चाललं असं नाही. तीन हंगाम त्यांच्याच रानात वापरलं, दुसऱ्या कुणी करून मागितलं नाही. पण शरणम्मा ओळीओळींतून फिरत, नळीनं वेचत, आणि इतर बायकांच्या ओटीतला पाला लांबूनच ओळखून ओरडत. त्यांच्या ओरडण्यानं त्या साली गावातला सगळा माल स्वच्छ निघाला.

शिवशरण त्याच दुपारी आला. तिशीचा, मोठ्या मिशांचा, बहिणीला फार मानणारा. घरी कुणी नाही म्हणून गाडी तशीच रानात आणली. दाजी माचीवर बसून पाय हलवताहेत आणि अक्का कातड्याची सोंड खांद्यावर टाकून कापसात उभी आहे, हे पाहून तो गाडीतून उतरायचाच विसरला.

"अक्का, तयारी झाली न्हव का?" तो म्हणाला.

"कशाची?"

"निरोप तूच धाडलास की. दोन दिस गाडी हाकत आलोय."

शरणम्मांनी नळी खाली केली नाही. "येचणी सुरू झालीय, दिसत न्हाय का? ह्यांच्या पायाला ताल न्हाय, मी उभी ऱ्हायले न्हाय तर निम्मा पाला भरतील. आन् दुसरी, तिसरी येचणी ऱ्हायलीच. शिवरातीपातुर मला सवड न्हाय."

"आन् शिवरातीनंतर?"

"शिवरातीनंतर तुरी."

शिवशरणनं दाजींकडं पाहिलं. गुरुलिंगप्पांचे पाय थांबले होते. ते उपरण्यानं तोंड पुसू लागले आणि बराच वेळ पुसत राहिले.

"म्हंजी गाडी मोकळीच न्यायची म्या?" शिवशरण हसत म्हणाला. त्याचाही जीव हलका झाला होता, हे दिसत होतं. बहिणीला कायमची आणायची म्हणून तो काही आनंदानं निघाला नव्हता.

"मोकळी कशाला? अव्वाची दुलई फाटलीय म्हणालास न्हव गेल्या टायमाला? तिला कापूस ने. बैलं सोड, भाकरी खा, आज ऱ्हा. उद्याच्याला दव हाय तवर एक गाठोडं भरून देते." मग त्या नवऱ्याकडं वळल्या. "थांबलात का? मारा की भाता."

गुरुलिंगप्पांनी भाता मारला.