किंजळीच्या वाफ्यातली राख

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो. शेवटी लिहायचं ठेवलं, तर तिथवर पोचेपर्यंत मी सबबी शोधीन. ती माझी जुनी खोड आहे. रोपं मी मारली आणि बोट एका बाईकडे दाखवलं.

रत्नागिरी शहर मागे टाकून कातळाचा सडा चढू लागलं की उताराला माझी छोटी रोपवाटिका लागते. आंबा-काजूची कलमं इकडे सगळेच करतात. मी त्यांच्या जोडीला थोडी रानझाडंही करतो. त्या वर्षी जवळच्या एका गावाने आपल्या उघड्या कातळावर लावायला किंजळीची रोपं सांगितली होती. मी ती पिशव्यांत वाढवली आणि दोन जागी मांडली. निम्मे वाफे मागे, विहिरीला लागून. निम्मे पुढे, रस्त्याच्या कडेला.

फेब्रुवारीत मी पुढच्या वाफ्यांना युरिया दिला, मागच्यांना नाही. कारण सांगायला लाज वाटते. पुढचे वाफे येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसत. गाववाले रोपं बघायला आले की त्यांची नजर आधी तिथे पडावी, एवढाच हिशोब. एकदा देऊन पानं हिरवी झाली, म्हणून पुन्हा दिला. मग आणखी एकदा.

पाणी घालायला मावशी होती. शेजारच्या बौद्धवाडीतली, साठी ओलांडलेली, अकरा वर्षं माझ्याकडे कामाला. पाइपाच्या तोंडावर अंगठा धरून ती प्रत्येक पिशवीपाशी मनात चार अंक मोजायची आणि पुढे सरकायची. मध्येच कोणी बोललं तर उत्तर द्यायची नाही. अंक चुकतो म्हणायची. तिसऱ्यांदा खत टाकताना तिने मला हटकलं होतं.

"भाऊ, पुरे आता. जायचंय कातळावर, नि खायला घालताव लग्नातलं."

मी हसलो. खतातलं तिला काय कळतं, असं वाटलं.

एप्रिलमध्ये विहिरीने तळ दाखवायला सुरुवात केली. रोज पाणी घालणं परवडेना, म्हणून मी तिसऱ्या दिवशी घालायला सांगितलं. दहा-बारा दिवसांत पुढचे वाफे सकाळी दहालाच माना टाकू लागले. मागची रोपं, जी मी जवळजवळ विसरलो होतो, किडकिडीत, पिवळट, पण ताठ उभी होती.

माझं डोकं लगेच एका जागी गेलं. विहीर मागे. पुढच्या वाफ्यांपर्यंत पाइप ओढत न्यायचा म्हणजे चढ, ऊन आणि मध्ये कलमांच्या चार रांगा. म्हातारी जवळचं भिजवते आणि लांबचं सोडून देते. इतकं सरळ होतं ते, की मला दुसरं काही सुचलंच नाही.

दोन सकाळी मी शेडच्या आडोशाला हिरवी जाळी शिवायच्या निमित्ताने बसलो आणि तिच्यावर नजर ठेवली. तिने पुढच्या वाफ्यांना पाणी घातलं. नीट, अंक मोजत. त्यावर मी काय ठरवलं? मी इथे आहे म्हणून घालते. मी मांडवीला माल पोचवायला गेलो की घालत नसणार.

मग मी राखेची युक्ती काढली. घरच्या चुलीतली राख आणून पुढच्या पंचवीसेक पिशव्यांत मातीवर चिमूट चिमूट टाकली. पाणी पडलं तर राख विस्कटेल, नाही पडलं तर तशीच राहील. पाण्याचा दिवस होता. मी मुद्दाम मांडवीला गेलो आणि दुपारी परत येऊन पाहिलं. प्रत्येक पिशवीतली राख वाहून कडेला लागलेली.

इथे कोणीही शहाणा माणूस थांबला असता. मी म्हटलं, तिने राख पाहिली असणार, आणि तेवढ्याच पिशव्या भिजवल्या असणार.

पिशव्या भरणाऱ्या दोघी जणी होत्या, नणंद-भावजय. त्यांना ती राख दिसली होती.

"भावांनी झाडांना अंगारा लावलान गो," नणंद म्हणाली.

"दृष्ट लागली असंल. एवढी गुटगुटीत केल्यानी ती!"

दोघी खिदळल्या. मावशी हसली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. राख कशाला होती हे त्या तिघींत तिला एकटीला कळलं होतं, असं मला आता वाटतं.

त्या आठवड्यात पुढची रोपं वाळायलाच लागली. अकराच्या चहाला तिघी शेडमध्ये बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "पुढच्या वाफ्यांचं पाणी कोण खातंय, ते मला ठाऊक आहे."

मावशीने कप खाली ठेवला. "कोण ते सांगा मग. हितं तिघीच आहोत."

मी तिच्याकडे बोट दाखवलं.

"मी पाणी घातलंय, भाऊ."

"घातलं असतंस तर ती मेली असती का?"

पुढच्या वाफ्यात पडलेला पाइप तिने ओढत आणला, त्यातलं पाणी मागच्या पिशव्यांत निथळवलं, गुंडाळी केली आणि खुंटीला अडकवली. पाय धुतले आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही.

यात आणखी एक भर आहे, आणि ती लिहायला जास्त जड जाते. पंधरवड्याने पलीकडच्या गावातल्या एका रोपवाटिकेच्या मालकाचा फोन आला. मावशी त्याच्याकडे काम विचारायला गेली होती. "बाई कशी?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "पाण्याच्या बाबतीत लक्ष ठेवावं लागेल." एवढंच. त्याने तिला घेतलं नाही. ज्या कामात तिचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं, त्याच कामासाठी मी तिला नालायक ठरवलं. ती मिरकरवाड्याच्या बंदरावर कोळंबी सोलायला जाऊ लागली.

तोवर पुढच्या वाफ्यांना मीच पाणी घालत होतो. तिसऱ्या दिवशी, भरपूर. रोपं तशीच माना टाकत होती. मी पाइप तपासला. मग विहिरीच्या पाण्याची चव घेऊन पाहिली. मग कोणी मुद्दाम काही ओततंय का, अशीही शंका आली. घरी जेवताना हे सगळं बोलून दाखवलं, तेव्हा बायको वाढता वाढता थांबली.

"आता कोणावर? विहिरीवर केस करणार की काय? एक रोप उपटून तरी बघा ना, त्याच्या पायाशी काय आहे ते."

दुसऱ्या दिवशी मी पुढचं एक आणि मागचं एक रोप पिशवी फाडून काढलं आणि बादलीत मुळं धुतली. पुढच्या रोपाला वर तळहाताएवढी मऊ पानं आणि खाली मूठभर आखूड मुळं. मागच्याला वर मोजकी जाड पानं. पण मूळ खाली पिशवीच्या बुडाला टेकून तिथे दोन वेढे घेतलेलं, बाजूला बारीक तंतूंचं जाळं.

तरी मला खात्री हवी होती. संशय घेताना एवढी खात्री मागितली नव्हती. पुढची त्यातल्या त्यात बरी दहा आणि मागची दहा रोपं शेडच्या कडेला एका रांगेत ठेवली, सगळ्यांना सारखं भिजवलं आणि मग पाणी तोडलं. चौथ्या दिवशी पुढची रोपं कोलमडली. मागच्यांनी खालची एक-दोन पानं टाकली आणि नवव्या दिवशीही ती उभी होती. खत काही विष नव्हे. थोडं शेणखत वेळेवर दिलं असतं, पाणी हळूहळू कमी केलं असतं, तर पुढचीही टिकली असती. आयतं मिळतंय म्हटल्यावर त्यांनी खाली शोधायची तसदी घेतली नाही, आणि वरच्या एवढ्या पानांना पाणी पुरवणं त्या मुळांच्या आवाक्यात नव्हतं. हेच मावशीने फेब्रुवारीत एका वाक्यात सांगितलं होतं.

हे कळल्यावरही मी लगेच गेलो नाही. पिशव्या भरणाऱ्या नणंदेकडून निरोप पाठवला, कामावर ये म्हणावं. उत्तर आलं, "काम नको. मी पाणी घातलं होतं, एवढं त्यांना म्हणायला सांग."

एका सकाळी ती रस्त्यात बसची वाट बघताना दिसली. बर्फाच्या पाण्यात राहून बोटांची टोकं पांढरी, सुरकुतलेली. तिने मला पाहिलं आणि मान वळवली नाही, मीच वळवली. त्या दिवशी मी स्वतःला विचारलं की हीच बाई माझ्या आळीतली, माझ्या नात्यातली असती, तर मी राख टाकली असती का? नसती टाकली. हे कोणाला सांगितलं नव्हतं. इथे सांगतोय.

आधी मी त्या मालकाला फोन केला. म्हटलं, "मी खोटं बोललो. पाणी तिने चोख घातलं, रोपं माझ्या युरियाने गेली." तो म्हणाला, "हे तिला सांगितलंत का?"

रविवारी मी नणंद-भावजयींना म्हणालो, "तुमच्यासमोर बोललो होतो, तुमच्यासमोरच परत बोलायचंय. चला." आम्ही तिघं बौद्धवाडीत चालत गेलो. मावशी अंगणात सुके बोंबील उन्हाला पसरत होती. आम्हाला बघून उठली नाही.

"काय ओ भाऊ, आज कोणाला पकडायला आलात?"

भावजयीने पदर तोंडाला लावला. मी धुतलेली ती दोन्ही रोपं बरोबर नेली होती. सुकून काटक्या झाल्या होत्या, पण मुळं दिसत होती. ती तिच्यासमोर ठेवली. तिने दोन्ही उचलली, मुळांवरून अंगठा फिरवला आणि पुढचं रोप बाजूला टाकलं.

"आता कळलं?"

"कळलं."

"मग बोला. ह्या दोघी ऐकतायत."

मी म्हणालो, "मावशी, तू पाणी घातलं होतंस. ठरल्या दिवशी, सगळ्या पिशव्यांना, चार अंक मोजून. रोपं मी खत घालून मारली. तू चोर नव्हतीस, आणि मी तुझ्यावर राख टाकून पाळत ठेवली. दुसऱ्याकडे तुझं नाव खराब केलं, तेही मीच. त्याला काल खरं सांगितलंय. तू परत कामाला यावंस म्हणून हे बोलत नाही. माझं चुकलं. मला माफ कर."