छत ठोकणारे मामाजी

डोक्यावरच्या छतावर अजिबात विश्वास नसलेला एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामाजींची उभी हयात भूमिगत खाणीत सर्व्हेअर म्हणून गेली. तिथे छताला काठी ठोकायची आणि कान द्यायचा. आवाज खणखणीत आला तर दगड धड, बद्द आला तर माणसं बाहेर. निवृत्त होऊन पिपरी मेघे गावात घर केलं तरी बांबूची ती लांब काठी काही सुटली नाही. आमच्या वास्तुशांतीला त्यांनी गुरुजींच्या डोक्यावरचा स्लॅब ठोकला आणि म्हणाले, "जावईबापू, इथं बद्द येऊन राह्यलं. गुरुजीले थोडं सरकवा." गुरुजी मंत्र न थांबवता सरकले.

अशा माणसाला नागपूरच्या एका छोट्या खाण कंपनीनं संचालक केलं, वर सुरक्षा समितीचं अध्यक्षपद दिलं. पहिल्याच बैठकीत मामाजींनी सभागृहाचं पीओपीचं छत ठोकलं आणि जाहीर केलं, "इथं तर सगळंच पोकळ आहे." ते काही संचालकांनी मनाला लावून घेतलं. पुढे खाणीतली एक नवी गॅलरी, म्हणजे आडवा बोगदा, उघडायला मामाजींनी परवानगी नाकारली, ती तीन बैठका नाकारतच राहिले. चौथ्या बैठकीआधी पत्र आलं: समित्यांची फेररचना झाली आहे, सुरक्षा समिती एका सीए बाईंकडे, मामाजी भागधारक तक्रार समितीवर.

"आता तिथं काय करान?" मामीजींनी विचारलं.

"तक्रारी ऐकीन."

"हायेत किती?"

"एक. त्याले वार्षिक अहवाल भेटला नाई."

दोन दिवस मामाजी धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्या बाईंचाच फोन आला. तो मामीजींनी घेतला. गॅलरी उघडायचा कागद सहीला आला होता, पण बाईंनी खाण कधी पाहिली नव्हती. सर सोबत येतील का?

मीच मामाजींना गाडीनं खाणीवर घेऊन गेलो. ते आणि बाई खाली उतरले आणि मी वर मॅनेजरच्या ऑफिसात चहा पीत बसलो. दोन तासांनी बाई धुळीनं काळवंडलेल्या चेहऱ्यानं वर आल्या आणि मॅनेजरला म्हणाल्या, "गॅलरी बंद राहील. विश्वास नसेल तर चला खाली, ऐकवते." मॅनेजरनं कागद परत घेतला.

परतताना मी म्हणालो, "मामाजी, शेवटी तुमचंच खरं निघालं."

ते म्हणाले, "मले काई ऐकू नाई आलं, जावईबापू. दोन वर्षं झाले, बारीक आवाज समजतच नाई. काठीची थरथर हाताले लागे, तेवढ्यावरच मी गॅलरीले नाई म्हनत होतो."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"सांगतलं असतं तर खुर्ची तवाच गेली असती. अन् माह्या मागं छत ऐकनारं कोनी नव्हतं. आता ते बाई आहे. चांगला कान आहे तिचा."

मी हळूच म्हणालो, "चला घरी, मामीजी वाट पाहत असतील." ते खिडकीबाहेरच पाहत राहिले. मग मी गाडी बाजूला घेतली, त्यांच्या खांद्याला हात लावला आणि तेच पुन्हा एकदा, मोठ्यानं सांगितलं.